बाळंतपणाची रजा : मेहेरबानी नव्हे, हक्क

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत सकाळची पाळी सुरू होण्याच्या वेळेला रस्त्यावर उभे राहिले, म्हणजे कामावर जाणाऱ्यांमध्ये स्त्रिया किती आहेत हे कोणाच्याही ध्यानात येईल. कोणी पॅकिंगला, कोणी साफसफाईला, कोणी कॅन्टीनला, तर शिकलेल्या मुली प्रयोगशाळेत. आपल्या समाजातील कितीतरी आयाबहिणी त्यांत आहेत. त्यांच्यापैकी अनेकींचे नाव कंपनीच्या पटावर नसते, ते ठेकेदाराच्या वहीत असते. वहीतले नाव एका रेघेने खोडता येते, आणि ते बहुधा खोडले जाते ती वेळ म्हणजे तिच्या बाळंतपणाची.

चारएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बँकेत काउंटरवर असताना ओळखीतली एक मुलगी रिकरिंग खाते मोडायला आली. सातवा महिना असावा. मुदत पुरी व्हायला पाचच महिने राहिले होते, म्हणून मी म्हटले, "अगं, आता कशाला मोडतेस? व्याज बुडेल." ती म्हणाली, "ताई, बाळंतपणाला पैसे नकोत का? ठेकेदाराने नाव कमी केलंय. बाळंत होऊन ये, पुन्हा घेतो म्हणालाय. माणूस चांगला आहे." मी फॉर्मवर तिची सही घेतली, शिक्का मारला आणि पैसे दिले. चार वर्षे ती त्या कामावर होती. मला स्वतःला दोन्ही बाळंतपणांत सहा-सहा महिन्यांची भरपगारी रजा मिळाली होती. तिलाही असा काही हक्क असेल, हे मात्र त्या क्षणी माझ्या मनातही आले नाही. पुढे मी कायद्याची माहिती काढली, तोपर्यंत तक्रार करण्याची साठ दिवसांची मुदत उलटून गेली होती.

तिचे झाले ते दुसरीचे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख. स्मरणिका घरोघर जाते आणि वर्षभर घरात राहते. त्यामुळे यातील माहिती वेळेवर कोणाच्या तरी उपयोगी पडेल अशी आशा आहे. विद्यार्थ्यांनी ही माहिती आपल्या आईला, वहिनीला, शेजारच्या मावशीला वाचून दाखवावी अशी विनंती आहे.

धन्याची पाच कर्तव्ये

रजा हा शब्द आपण सरकारी कचेरीतून आलेला समजतो. वास्तविक तो विचार फार जुना आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात सिगाल नावाचा गृहस्थपुत्र सकाळी सहा दिशांना हात जोडताना तथागतांना दिसतो. तथागत त्याला समजावतात की, या सहा दिशा म्हणजे माणसाची सहा नाती होत. आईवडील ही पूर्व दिशा, आणि आपल्याकडे राबणारे नोकर-कामगार ही खालची दिशा. या खालच्या दिशेशी धन्याने पाच प्रकारे वागावे असे ते सांगतात : शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी.

या पाचांतील तीन गोष्टी आजच्या प्रसूतीच्या कायद्यात जशाच्या तशा सापडतात. गरोदर बाईला जड काम देऊ नये, ही शक्तीप्रमाणे काम देण्याचीच गोष्ट झाली. औषधोपचाराचा खर्च आणि रजेतील पगार म्हणजे आजारपणातील काळजी. आणि बाळंतपणाइतकी सुट्टीची योग्य वेळ दुसरी कोणती असणार?

सिद्धार्थाची आई महामाया बाळंतपणासाठी माहेरी निघाली होती आणि वाटेत लुंबिनी वनात प्रसूत झाली, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. सात दिवसांनी ती माउली गेली आणि महाप्रजापती गौतमीने बाळाला वाढवले. राजघराण्यातील स्त्रीची ही कथा. मग डोक्यावर पाटी घेऊन राबणाऱ्या बाईला बाळंतपणाचा धोका किती असेल याचा विचार आपणच करावा.

बाबासाहेबांचे २८ जुलै १९२८ चे भाषण

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. प्रसूतीच्या आधी व नंतर मिळून बारा आठवड्यांची रजा असावी असा ठराव तेथे झाला. त्या परिषदेला हिंदुस्थानातील कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. जोशी हे आपल्याच जिल्ह्यातील गोरेगावचे. १९२४ साली त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक मांडले, पण ते नामंजूर झाले.

त्यानंतर हा विषय मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ पासून त्या मंडळाचे सभासद होते. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्याला सव्वा वर्ष झाल्यावर, २८ जुलै १९२८ रोजी, बाबासाहेब या विधेयकाच्या बाजूने बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा भार खरे तर सरकारनेही उचलला पाहिजे. परंतु सरकार उचलत नाही म्हणून मालक सुटत नाही. मालक बाईला कामावर ठेवतो तो तिच्या श्रमातून त्याला फायदा होतो म्हणून, तेव्हा त्या फायद्यातील काही वाटा तिच्या बाळंतपणासाठी त्याने देणे वाजवीच आहे.

या भाषणाच्या दोनच वर्षे आधी, जुलै १९२६ मध्ये, बाबासाहेब आणि माता रमाई यांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला होता. त्याआधीही या दांपत्याची मुले लहानपणीच गेली होती. सभागृहात बाबासाहेबांनी मांडला तो अर्थशास्त्राचा आणि लोककल्याणाचा मुद्दा. पण आई आणि मूल यांचे आरोग्य म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती, एवढे आपण जाणतो.

मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा १९२९ साली झाला. या विषयावर देशात झालेला हा पहिला कायदा होय. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी १९४१ साली प्रसूती लाभ कायदा झाला होता, त्यात १९४३ साली त्यांनी दुरुस्ती करून घेतली. कामगारांच्या आरोग्य विम्याच्या योजनेचा प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ साली आला, तोही त्यांच्याच कारकीर्दीत. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ई.एस.आय. म्हणतो तो, उभा राहिला.

हे सगळे वरून मिळाले असेही नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे दलित वर्गीय महिलांची अखिल भारतीय परिषद सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरली, तेव्हा कामगार स्त्रियांना रजा मिळावी ही मागणी आपल्या स्त्रियांनीच केली होती. पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४२ मध्ये, कामाची परिस्थिती न्याय्य व माणुसकीची असावी आणि प्रसूतीसाठी साहाय्य मिळावे यासाठी राज्याने तरतूद करावी, असे निर्देशक तत्त्व आले.

१९६१ पासून आजपर्यंत

स्वातंत्र्यानंतर सर्व देशासाठी प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ झाला. त्यात बारा आठवड्यांची रजा होती. आधी या रजेसाठी १६० दिवस काम झालेले असणे आवश्यक होते, १९८८ च्या दुरुस्तीने ते ८० दिवसांवर आले. २०१७ च्या दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. १९६१ चा प्रसूती कायदा आणि १९४८ चा ई.एस.आय. कायदा हे दोन्ही तिच्यात सामावले गेले. पुस्तक बदलले, मुख्य हक्क तेच राहिले. म्हणून कोणी "तो कायदा आता रद्द झाला" असे सांगून वाटेला लावू लागला तर फसू नये.

आज काय मिळते?

हा कायदा सर्व कारखान्यांना, तसेच दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकानांना व आस्थापनांना लागू आहे. त्यातील मुख्य तरतुदी सोप्या भाषेत अशा :

१) प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेले असले की हक्क सुरू होतो.

२) पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा. त्यांतील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आधीची दोन मुले हयात असतील तर रजा १२ आठवडे.

३) पगार धरायचा तो रजेपूर्वीच्या तीन महिन्यांतील सरासरी रोजाप्रमाणे. प्रसूतीपूर्वीच्या काळाची रक्कम आगाऊ, आणि उरलेली रक्कम बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत मिळाली पाहिजे.

४) गर्भपात झाल्यास ६ आठवडे. कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया केल्यास २ आठवडे. बाळंतपणामुळे आजारपण आले तर आणखी एक महिना.

५) दत्तक मूल घेणाऱ्या आईलाही कायद्यातील अटींप्रमाणे १२ आठवडे मिळतात.

६) प्रसूतीनंतरचे सहा आठवडे बाईला कामावर घेण्यास मनाई आहे. त्याआधीही शेवटच्या दिवसांत तिने मागणी केल्यास जड काम, फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही.

७) मालकाने औषधोपचार मोफत केले नसतील तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस.

८) कामावर परत आल्यानंतर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी. जेथे ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत तेथे पाळणाघर, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा.

९) या रजेच्या काळात तिला कामावरून काढता येत नाही किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्याच्या करता येत नाहीत. काढलेच, तर आदेश कळल्यापासून ६० दिवसांच्या आत दाद मागता येते. हा साठाचा आकडा कृपया लक्षात ठेवावा.

रजेची सूचना लेखी द्यायची असते. त्यात रजा कोणत्या तारखेपासून हवी आणि आपल्या पश्चात रक्कम कोणाला द्यावी हे लिहायचे. आधी सूचना द्यायची राहिली तरी प्रसूतीनंतर लवकरात लवकर देता येते. केवळ अर्ज उशिरा आला एवढ्या कारणाने हक्क बुडत नाही.

थोडा हिशोब

समजा, एका बाईचा सरासरी रोज ४५० रुपये आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. १८२ गुणिले ४५०, म्हणजे ८१,९०० रुपये झाले. काही ठिकाणी "रविवारी तू कामावर नसतेस, मग रविवारचे कसले पैसे?" असे म्हणून २६ रविवार वजा करतात. मग १५६ दिवसांचे ७०,२०० होतात आणि बाईचे ११,७०० रुपये जातात. याच मुद्द्यावर कोइमतूरकडील मळ्यातील एका कामगार स्त्रीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९७७ साली न्यायालयाने निकाल दिला की आठवडा म्हणजे सात दिवस, रविवार धरूनच पैसे द्यायचे. त्या मळ्यातील बाईमुळे आज आपल्या बाईचे ११,७०० रुपये वाचतात.

"मी तर ठेकेदाराकडे आहे"

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. कायद्यात कायम आणि हंगामी असा भेद नाही. ८० दिवस भरले की पुरे. दिल्ली महानगरपालिकेत रोजंदारीवर रस्त्याचे काम करणाऱ्या स्त्रियांना कायम कामगार नाहीत म्हणून प्रसूती रजा नाकारली गेली होती. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. २०२३ साली डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले : कराराची मुदत रजेच्या मध्येच संपत असली, तरी प्रसूती लाभ पूर्ण मुदतीचा द्यावा लागेल.

नोकरीवर घेताना किंवा घेतल्यावर मूल होण्याची भीती घालण्याचे प्रकार मोठ्या संस्थांतही झाले आहेत. एअर इंडियाच्या हवाई सुंदरीला पहिल्या गरोदरपणातच निवृत्त करण्याचा नियम होता. तो १९८१ साली नर्गिस मिर्झा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आयुर्विमा महामंडळात नव्याने लागलेल्या नीरा माथुर यांना, गरोदरपणाबद्दलची माहिती लपवली या कारणाने काढले होते. १९९१ साली न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले आणि असली खाजगी माहिती विचारणाऱ्या अर्जातील प्रश्नांवरही कठोर शब्दांत टीका केली. या स्त्रिया शिकलेल्या, शहरातल्या होत्या, पण त्यांनी मिळवलेला निकाल धाटावच्या पॅकिंगवाल्या बाईलाही तितकाच लागू आहे.

ई.एस.आय. कार्ड म्हणजे काय?

जेथे ई.एस.आय. लागू आहे तेथे प्रसूतीचे पैसे मालक देत नाही, महामंडळ देते. १ जानेवारी २०१७ पासून ही योजना दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ठरली. १ जुलै २०१९ पासून वर्गणी कामगाराची शेकडा पाऊण रुपया आणि मालकाची शेकडा सव्वातीन रुपये झाली. मागील लागोपाठच्या दोन वर्गणी-कालांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली की २६ आठवडे पूर्ण सरासरी पगार मिळतो. ठेकेदाराच्या माणसांची वर्गणी भरली जाते की नाही हे पाहण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकाची आहे.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जेथे २६ आठवड्यांचा सगळा भार एकट्या मालकावर पडतो, तेथे काही मालक तरुण विवाहित मुलीला कामावरच घेत नाहीत. हक्क वाढतो आणि नोकरी जाते. ई.एस.आय.मध्ये मात्र पुरुष कामगारासाठी आणि स्त्री कामगारासाठी वर्गणी एकाच दराने भरायची असते. बाईला घेतल्याने मालकाचा एक पैसाही जास्त जात नाही. एकटीचे ओझे सर्वांनी वाटून घेतले म्हणजे ते ओझे राहत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली हा भार एकट्या मालकावर न टाकता सरकारनेही त्यात वाटा उचलावा असे सुचवले होते, त्यामागील शहाणपण आता लक्षात येते. म्हणून वेतनचिठ्ठीवर ई.एस.आय.ची कपात दिसते का, ही पहिली तपासणी प्रत्येकीने करावी. कपात होत असेल आणि कार्ड नसेल, तर ते मागून घ्यावे.

ज्यांना मालकच नाही

शेतमजुरी करणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, मासळी-भाजी विकणाऱ्या स्त्रियांनी कोणाकडे रजा मागायची? रजा नसल्याने काय होते, हे २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत महाराष्ट्राने पाहिले. एक दिवसाचा खाडा परवडत नाही म्हणून तरुण वयात गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली.

अशा स्त्रियांसाठी १ जानेवारी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृ वंदना योजना सुरू झाली. पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये, आणि १ एप्रिल २०२२ नंतर जन्मलेले दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळण्याची तरतूद त्यात आहे. नोंदणी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे होते. ज्यांना नोकरीत प्रसूती लाभ मिळतो त्यांना ही योजना लागू नाही. बांधकामावर काम करणाऱ्यांनी राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी केलेली असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी तेथूनही अर्थसाहाय्य मिळते. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो.

बँकेत काम करताना नेहमी दिसणारी एक अडचण येथे सांगते. हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. एखादीची दोन-तीन खाती असतील तर आधार ज्या खात्याला शेवटी जोडले असेल त्यात पैसे जातात, आणि ती बिचारी भलत्याच बँकेत पासबुक भरून पाहत बसते. लग्नानंतर आधारवर एक नाव, खात्यावर दुसरे, असे असले तरी पैसे अडकतात. म्हणून तिसरा-चौथा महिना लागला की बँकेत जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात : माझे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे, आणि दोन्हीकडे नाव सारखे आहे का. खाते स्वतःच्या नावाचे असावे, नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे चालत नाही.

सेवा करणाऱ्यांचे काय?

घरातील सेवा बाळंतपणापाशी संपत नाही. सासूबाईंना अर्धांगाचा झटका येतो, मुलाला अपंगत्व असते, नवरा डायलिसिसवर जातो, आणि घरातील एक बाई, क्वचित एक पुरुष, मुकाट्याने नोकरी सोडतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू जुलाबाने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. मग संघाला एकत्र बोलावून त्यांनी समज दिली की, येथे तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी. सेवा हे एकट्याचे काम नसून संघाचे काम आहे, हा त्याचा अर्थ.

आपला कायदा येथे अजून तोकडा आहे. खाजगी नोकरीत आजाऱ्याच्या सेवेसाठी वेगळी रजा देणारा कायदा नाही. बापासाठी पितृत्व रजेचाही सर्वांना लागू होणारा कायदा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, आणि २०१५ च्या करारापासून बँक कर्मचाऱ्यांनाही ती मिळाली. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी २००८ पासून सबंध नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू झाली. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली १८० दिवसांची दिली. अपंग मुलाची देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट द्यावी असा आदेश २०१४ साली निघाला. हे सगळे सरकारी नोकरांपुरते.

मग कारखान्यातील माणसाने काय करावे? त्याच्या हाती आहे ती भरपगारी अर्जित रजा. नव्या संहितेप्रमाणे वर्षात १८० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस रजा मिळते. पूर्वी यासाठी २४० दिवस लागत. ही रजा साठवून ठेवावी आणि अशा प्रसंगी अर्ज करून वापरावी. न सांगता खाडे केले तर नोकरी जाते, लेखी अर्ज केला तर आपली बाजू उभी राहते. ज्या कामगार संघटनांत आपले बांधव आहेत त्यांनी पुढील करारात सेवेच्या रजेची आणि पितृत्व रजेची मागणी घालावी. बोनस आणि पगारवाढीच्या यादीत हे कलम बसवायला कोणाची हरकत नसावी.

नेमके काय करावे?

पहिली गोष्ट, कागद जपावेत. नेमणुकीचे पत्र, वेतनचिठ्ठी, गेटपास, हजेरीचे कार्ड, बँकेत पगार जमा झाल्याची पासबुकातील नोंद. ठेकेदार "ही आमच्याकडे नव्हतीच" म्हणाला तर हेच कागद बोलतात. पगार रोखीने न घेता खात्यात घ्यावा, तो याचसाठी.

दुसरी, रजेचा अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवावा. राजीनाम्याच्या किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये. "बाळंत होऊन ये" हे तोंडी आश्वासन चालत नाही.

तिसरी, नकार मिळाल्यास कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी. काढून टाकले असेल तर साठ दिवसांच्या आत करावी.

चौथी, वकिलाच्या फीची भीती बाळगू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीलाही मिळते. न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज केला तरी चालतो.

आणि पाचवी गोष्ट आपल्या संस्थेसाठी. वर्षावासात विहारात आपण रविवारी एकत्र बसतो. त्यांतील एक रविवार या विषयाला द्यावा. कॉलेजात शिकणाऱ्या दोन-तीन मुलामुलींनी अर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे. अर्ज एका पानाचा असतो. आठवी शिकलेल्या बाईला तो डोंगराएवढा वाटतो, पण बी.ए.च्या विद्यार्थ्याला त्यासाठी दहा मिनिटे पुरतात. बाबासाहेबांनी सांगितलेल्या शिक्षणाचा उपयोग याहून वेगळा काय असतो?

सुरुवातीला जिची गोष्ट सांगितली ती मुलगी आज दुसऱ्या ठिकाणी कामाला आहे. मागच्या वर्षी ती आपल्या जावेला घेऊन बँकेत आली. जावेला पाचवा महिना होता. तिने पिशवीतून वेतनचिठ्ठ्यांची जुडी काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "ताई, ह्यात ई.एस.आय. कापलेलं दिसतंय का, ते बघा. आणि अर्ज कसा लिहायचा ते सांगा. हिचं नाव मी खोडू द्यायची नाही." त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघींनी मिळून अर्ज लिहिला. पोच घेतली. रजा मंजूर झाली.

एका अर्जाने जग बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एका घरात बाळ जन्मले तेव्हा रिकरिंग खाते मोडावे लागले नाही, एवढे तरी झाले. आपल्या प्रत्येक वस्तीत असे व्हावे ही मंगल कामना.

जय भीम! नमो बुद्धाय!